दोनाचा पाचवा घात

"मोजा," मास्तर म्हणाले. वर्ग मोजायला लागला.

एक. दोन. तीन.

माझे दोन्ही हात पुढे. तळवे वर. फोक चिंचेची, ओली, सकाळीच तोडलेली. मारत मास्तर नव्हते. मास्तर खुर्चीत बसून पान लावत होते. मारत होता वसंता. मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचा पोरगा, माझ्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा. आमच्या वस्तीच्या पोरांना मास्तर स्वतः मारत नसत. फोक लांब, मधे पुरेसं अंतर, तरी त्यांना ते चालायचं नाही. विटाळ फोकेतून वर चढतो असं वाटत असावं. म्हणून मारायचं काम दुसऱ्याला.

माझा गुन्हा असा. फळ्यावर दोनाचा पाचवा घात लिहिला होता. किंमत काढा. मी पाटीवर लिहिलं, दहा.

मास्तरनी पाटी लांबूनच पाहिली. म्हणाले, "उत्तर बत्तीस. बत्तीस म्हणजे किती ते तुला आज कळेल." मग वसंताला हाक मारली.

अकराव्या-बाराव्या फटक्याला वसंता थांबला. त्यालाही घाम आला होता. माझ्या उजव्या तळव्याची कातडी फाटली होती, ते त्यानं पाहिलं. त्यानं मास्तरकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "थांबायला सांगितलं का कोणी?" त्यानं परत फोक उचलली. या वेळी जास्त जोरात. भ्यालेला माणूस जास्त जोरात मारतो, हे मी त्या दिवशी शिकले.

वीस झाल्यावर मला हात दिसत होते, पण ते माझे वाटत नव्हते. कोणीतरी दोन मांसाचे तुकडे माझ्या खांद्यांना बांधून ठेवलेत, असं वाटत होतं. पोरं तालात मोजत होती. पाढे म्हणतात तशी. काही हसत होती. बत्तीस झाले तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या वर्गानं दहाच लिहिलं होतं. वसंतानंही. माझ्या आधी त्याचीच पाटी पाहिली होती मास्तरनी. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "अरे वेड्या, दोनाला पाचानं गुणायचं नाही. दोन पाच वेळा मांडायचे आणि एकमेकांशी गुणत जायचं. खोडून पुन्हा लिही."

त्याची चूक चूक होती. खोडायची, परत लिहायची. माझी चूक माझी जात होती. ती खोडता येत नव्हती. ती फोडून काढायची होती.

मी आठवीत होते. घाटंजीच्या हायस्कुलात. आमची वस्ती गावाबाहेर, नदीच्या बाजूला. नागपूरला दीक्षा झाली त्या वर्षी मी चौथीत. माझा बा दीक्षेला पायी गेला होता, वस्तीतल्या इतर माणसांबरोबर. परत आला तो दुसराच माणूस होऊन. देव्हाऱ्यातले टाक, मरीआईचा दगड, सगळं टोपल्यात भरलं आणि नदीत नेऊन फेकलं. मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. गावानं बदला घेतला. विहीर बंद, किराणा बंद, शेतातली कामं बंद. बा मग कापसातली सरकी काढायच्या जिनात हमालीला लागला. कापसाचे बोद, माणसाएवढी पोती, पाठीवर वाहायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा केसांत, भुवयांत, नाकात कापूस. खोकायचा. पण ताठ बसायचा. म्हणायचा, पोरगी शिकन. वस्तीत कोणाची पोरगी हायस्कुलात गेली नव्हती. माझा बा मला पहिल्या दिवशी स्वतः सोडायला आला, धुतलेलं धोतर नेसून.

मास्तरनी त्याच दिवशी माझी जागा ठरवली. पोरींचा बाक भरलेला नव्हता. तरी मला दाराजवळ, तरटावर. वर्गाचं दार आणि फळा एकाच भिंतीला होते. म्हणजे फळा मला समोरून दिसायचाच नाही. तिरपा दिसायचा, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हानं वरून चमकायचा.

आता ऐका. घातांक कसा लिहितात? पायाचा आकडा मोठा. त्याच्या खांद्यावर, वरच्या बाजूला, बारीक आकडा. त्या बारीक आकड्यावरच सगळं असतं. मास्तरचं अक्षर आधीच लहान. मला तो बारीक आकडा कधी दिसायचा, कधी पांढरा ठिपका दिसायचा. दोन आणि पाच शेजारी शेजारी आहेत, इतकं कळायचं. मग मी गुणायची. गुणाकार मला येत होता. जे येत होतं ते मी केलं. शेजारी विचारायला कोणी नाही, कारण शेजारी कोणी बसायचं नाही.

मला जिथं बसवलं तिथून बरोबर उत्तर दिसतच नव्हतं. आणि चुकलं म्हणून मला फोडलं. हे मला त्या दिवशी समजलं नाही. त्या दिवशी मला इतकंच समजलं की मी मठ्ठ आहे.

कापूस वेचायचे दिवस होते. शाळेनंतर मी मायसोबत वेचायला जायची. मालगुजाराच्याच वावरात. तोवर गावाचा राग थोडा उतरला होता; वेचायला हात लागतात, आणि आमच्याइतके स्वस्त हात दुसरे नव्हते. त्या संध्याकाळी मी बोंडाला हात घातला आणि ओरडले. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. फाटलेल्या तळव्यात गेली. पांढऱ्या कापसाला रक्त लागलं. मुकादमानं शिवी दिली, माल खराब केला म्हणून.

मायनं माझे हात उलटून पाहिले. ओटीतला कापूस ढिगावर टाकला. घरी येऊन हळद-तेल लावलं. मग विचारलं, काहून मारलं? मी सांगितलं, गणित चुकलं. किती मारलं? मी आकडा सांगितला. तिला बत्तीसपर्यंत मोजता येत नव्हतं. तिनं वीस आणि वर बारा असं करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. वेचणी सोडून. मधल्या सुटीची घंटा झालेली. ओट्याच्या खाली, उन्हात उभी राहिली. मास्तर वर ओट्यावर. पोरं खिडक्यांना लोंबकळून पाहत होती. मी दारात होते.

माय म्हणाली, "चुकलं असन तिचं, गुर्जी. चुकन नाई तं शिकन कशी? तुमाले शिकवाले ठेवलं. मारता कायले?"

मास्तर हसले. म्हणाले, "बाई, चूक तिची नाही. तिला इथं आणलंत ती तुमची चूक."

माय पायरी चढली. एकच पायरी. तिला जवळून बोलायचं होतं, इतकंच. मास्तर मागे सरकले, जणू साप वर आला. त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपायाच्या हातात झाडू होता. त्यानं झाडूच्या दांड्यानं मायच्या छातीत ढोसलं. माय पाठीवर पडली. डोकं खडीवर आपटलं. लुगडं गुडघ्यावर गेलं. खिडकीतली पोरं हसली.

माझी माय. वाघासारखी बाई. उन्हात मालगुजाराच्या वावरात तिच्या पुढे कोणी ओळ काढू शकत नसे. ती उठली, लुगडं नीट केलं, डोक्यावर पदर घेतला, आणि निघाली. वळून पाहिलं नाही. मी पळत फाटकापर्यंत गेले. ती इतकंच म्हणाली, "उद्या शाळेत जाय." पदराच्या मागे, केसांतून रक्त येत होतं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. त्याच तरटावर बसले. ते मला कोणत्याही मारापेक्षा जड गेलं.

लोक म्हणतात, मार खाल्ल्याशिवाय गणित येत नाही. खोटं आहे. मार खाऊन मला बत्तीस हा आकडा पाठ झाला. दोनाचा पाचवा घात झोपेतही विचारला असता तर सांगितला असता. पण तिनाचा चौथा घात विचारला असता तर मी बाराच सांगितलं असतं. हाताला काही कळलं नव्हतं. हात फक्त भ्याले होते.

कळलं ते घरी. बा जिनातून सरकी आणायचा, चुलीत टाकायला आणि शेळीला. हात सुजलेले म्हणून मला काम नव्हतं. अंगणात बसून मी सरकीच्या दोन बिया मांडल्या. वसंताला सांगितलेलं मी ऐकलं होतं. दोन मांडायचे, गुणत जायचं. प्रत्येक बीच्या खाली दोन बिया. चार झाल्या. त्यांच्या खाली दोन दोन. आठ. मग सोळा. ओळ अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत गेली. शेळी येऊन खायला लागली, तिला हाकलत मी मांडत होते. पाचवी ओळ झाली आणि मी मोजायला वाकले, पण मोजायची गरज उरली नव्हती. मला दिसत होतं. दहा आणि बत्तीस यांत फरक काय आहे ते दिसत होतं. बेरीज पायी चालते, गुणाकार धावतो, आणि घात भडकतो. गंजीला आग लागते तसा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा गणितावर खूश झाले. आणि त्याच क्षणी डोकं फिरलं. हे इतकंच होतं? हे सांगायला मास्तरला किती वेळ लागला असता? पान लावायला लागतो त्याहून कमी. वसंताला एका वाक्यात सांगितलं. तेच वाक्य दाराकडे तोंड करून मलाही म्हटलं असतं, खोडू दिलं असतं, तर माझे हात शाबूत राहिले असते. मायचं डोकं शाबूत राहिलं असतं.

मी मठ्ठ नव्हते. कोणाला मला सांगायचंच नव्हतं.

नववीत गेले. मास्तर तेच, तरट तेच. मी आता फळ्यावरचं पाहण्यासाठी उठून उभी राहायची. त्यावरून शिव्या खायची. "उंटीण" असं नाव पडलं. पडू दे. आकडा दिसायचा. तरी खूप गोष्टी अडायच्या. कोणत्याही संख्येचा शून्य घात एक असतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. का असतो? काहीच नाही तर शून्य पाहिजे. कोणाला विचारू? पुस्तक दोन ओळींत सांगून पुढे पळायचं. मास्तर पोरांच्या शंका घ्यायचे, बाकांवरच्या.

आणि मग तो दिवस आला.

घातांकाचे नियम चालले होते. पाया सारखा असेल आणि गुणाकार असेल तर काय करायचं. वसंता आधी फळ्यावर गेला. त्याला कंसाचा वर्ग दिला होता, अ अधिक ब. त्यानं लिहिलं अ वर्ग अधिक ब वर्ग, आणि खडू ठेवला. मास्तर म्हणाले, मधलं पद कुठं गेलं बाळ, दोन अ ब, ते घाल. त्यानं घातलं. बाकावर जाऊन बसला.

मग मास्तर म्हणाले, "उंटीण."

मी उठले. फळ्यापर्यंत जायची मला परवानगी नव्हती. मी तरटावर उभं राहून तोंडी सांगायचं. दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा चौथा घात. मी विचार केला. गुणाकार आहे. तीन आणि चार. गुणाकार आहे म्हणजे गुणायचे. मी म्हणाले, दोनाचा बारावा घात.

चूक. घातांकांची बेरीज करायची असते. दोन तीनदा, आणि पुढे दोन चारदा, म्हणजे सातदा. आज मला माहीत आहे की ही चूक प्रत्येक वर्गात पोरं करतात. शहाणी पोरंही करतात. समोर गुणाकाराची खूण दिसते, मन गुणायला धावतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तेव्हा सगळा वर्ग मास्तरकडे वळला. आता काय होणार ते सगळ्यांना कळत होतं. मास्तर खूश झाले होते.

म्हणाले, "तुझं उत्तर धरलं तर चार हजार शहाण्णव होतात. तितके मारायला दिवस पुरणार नाही. आज सूट. बरोबर उत्तराइतकेच. बारावा नाही, सातवा घात."

वर्ग हसला. मी मनात केलं. दोनाचा सातवा घात. चौसष्ट दुणे. एकशे अठ्ठावीस.

वसंता फोक घेऊन आला. त्याला मिशा फुटायला लागल्या होत्या. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्याला मारायचं होतं असंही नाही, नव्हतं असंही नाही. शेजारच्या घरी निरोप सांगायला जातो, तसा तो आला.

"हात पुढे कर," मास्तर म्हणाले.

मी हात मागे घेतले. पाठीमागे धरले, एकात एक. ठरवून केलं नाही. हातांनीच केलं. पण एकदा केल्यावर मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. मी चुकले होते. खरोखर चुकले होते. त्या दिवशी माझी बाजू बरोबर उत्तराची नव्हती. आणि तरीही मार खायचा नव्हता. बरोबर असल्यावर माणूस कसाही ताठ उभा राहतो. मला चुकून ताठ उभं राहायचं होतं.

मी म्हणाले, "चुकलं माह्यं. काहून चुकलं ते सांगा. हात देणार नाई."

मास्तर खुर्चीतून उठले. "काय म्हणालीस?"

मी परत तेच म्हणाले, शब्द न बदलता.

त्यांनी वसंताला खूण केली. तो म्हणाला, कर ना हात. हळू म्हणाला, जणू माझ्यावर उपकार करत होता. मी केला नाही. मग त्यानं दंडावर मारलं. मानेवर मारलं. तिसऱ्या वेळी फोक गालावर आली, डोळ्याच्या खाली. आग झाली. मी फोक धरली आणि ओढली. त्याला वाटलं नव्हतं मी ओढीन. तो पुढे आला आणि तोंडावर पडला, फरशीवर. दात ओठात घुसला. मालगुजाराच्या पोराचं रक्त, माझ्या तरटावर.

मास्तर धावून आले. त्यांना विटाळाचं भान राहिलं नाही. हातात फळ्यावर वर्तुळं काढायचा मोठा लाकडी कंपास होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या डोक्यात घातला. कडकन आवाज झाला. मला वाटलं लाकूड मोडलं. डोळ्यांत काहीतरी गरम उतरलं आणि एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं. मास्तरनी परत उचलला.

माझ्या हातात फोक होती. मी पोरांकडे पाहून म्हणाले, "मोजा."

कोणी मोजलं नाही.

मी मारलं. मास्तरच्या मनगटावर, अंगातला सगळा जोर लावून. कंपास खाली पडला. ते ओरडले. लहान पोरासारखे ओरडले. मग मी फोक त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. दारातून, ज्या दारापाशी मला बसवलं होतं. अंगणात शिपाई उभा होता, झाडू घेऊन. तो बाजूला झाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. शाळेनं पटावरून माझं नाव काढून टाकलं. जिनात मालगुजाराचा वाटा होता. त्यानं बाला बोलावून सांगितलं, पोरीनं शाळेत सगळ्यांसमोर मास्तरच्या पायावर डोकं ठेवावं, नाक घासावं, मग बघू. नाही तर उद्यापासून कामावर येऊ नको.

बा आधी स्वतः गेला. मला न सांगता. मी डोक्याला फडकं बांधून त्याच्या मागे मागे गेले, ते त्याला माहीत नव्हतं. मास्तरच्या घरासमोर, रस्त्यावर, माझा बा आडवा झाला. ज्या माणसानं देव नदीत फेकले, तो माणूस. त्याच्या केसांत कापूस होता. त्यानं कपाळ मास्तरच्या जोड्यांजवळ टेकवलं. जोड्यांत पाय नव्हते. जोडे रिकामेच पायरीवर ठेवले होते. मास्तर आत होते. आतूनच म्हणाले, "तुझं डोकं नको. तिचं आण."

घरी येऊन बानं मला मारलं. जन्मात पहिल्यांदा. आधी हातानं, मग पायातल्या चपलेनं. टाके न घातलेली जखम परत फुटली. मी त्याला म्हणाले, तूच सांगितलं होतं ना मान खाली घालायची नाई म्हणून. तो थांबला. त्याच्या तोंडाला फेस आला होता. म्हणाला, "देव फेकले म्या. काम नाई फेकता येत."

हे त्याचं वाक्य मी कधी विसरले नाही. त्याच्यावर रागवावं की त्याच्यासाठी रडावं, ते मला आजही कळत नाही. तो खोटं बोलत नव्हता. घरात धाकटा भाऊ होता, म्हातारी आजी होती. त्यानं परत चप्पल उचलली, तेव्हा मायनं त्याचा हात धरला. म्हणाली, "आता हात टाकशीन तं माह्यावर टाक."

बा भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, सकाळी ती शाळेत जाईल आणि नाक घासेल. नाही तर तिनं या घरात राहू नये.

मायनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं, जातं का? मी म्हणाले, नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. एक लुगडं, माझी दोन पुस्तकं आणि थोडं ज्वारीचं पीठ बांधलं. धाकट्याला आजीजवळ ठेवलं. तो तिच्या लुगड्याला धरून ओरडत होता. तिनं त्याची बोटं एक एक करून सोडवली. सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. पांढरकवड्याला गाडी बदलून वणी. तिकडे कोळशाच्या खाणीवर माझा मामा कामाला होता.

माय खाणीच्या तोंडाशी टोपल्यानं कोळसा भरायला लागली. कापसाचे हात कोळशाचे झाले. काही दिवसांत तिला खोकला लागला, तो गेलाच नाही. धाकट्याला ती परत कधी नीट भेटली नाही. तो मोठा झाला, जिनात लागला, मायशी बोलत नाही. बा एकदाच आला वणीला. चहा प्यायला, मला विचारलं, शिकतं का अजून, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मी जिंकले असं कोणी समजू नये. माझ्या एका नकारानं घर फाटलं. ते फाटलंच आहे.

वणीच्या शाळेनं आधी घेतलं नाही. दाखल्यावर जुन्या शाळेनं लिहून दिलं होतं, उर्मट, शिक्षकावर हात टाकणारी. हेडमास्तरनी विचारलं, इथं असं करणार नाहीस ना? मामा घाईनं नाही म्हणाला. मी म्हणाले, मारलं तर करीन. त्यांनी दाखला परत दिला. मी घरी गेले नाही. ओट्यावर बसले, नववीच्या वर्गाबाहेर. शिपायानं हाकललं. दुसऱ्या दिवशी परत बसले. त्यानंतरही रोज. शेवटी हेडमास्तर कंटाळले, का त्यांना लाज वाटली, ठाऊक नाही. म्हणाले, आत बस. आत बाकावर जागा होती. तिथल्या मास्तरना मी पहिला प्रश्न विचारला तो शून्य घाताचा. त्यांनी फळ्यावर सोळा, आठ, चार, दोन असं खाली उतरत लिहिलं आणि म्हणाले, दर पायरीला अर्धं होतंय, आता पुढची पायरी तूच सांग. मी सांगितलं, एक. बसायच्या आधीच मला रडू आलं. आनंदाचं नव्हतं ते. इतक्या सोप्या गोष्टीसाठी आमच्या घरात किती रक्त सांडलं, त्याचं होतं.

मी मॅट्रिक झाले. ट्रेनिंग केलं. आता नेरच्या बाजूच्या एका गावात शाळेवर आहे. गणित शिकवते. पोरं त्याच चुका करतात. गुणाकार दिसला की घातांक गुणतात. कंस विसरतात, उणे तिनाचा वर्ग उणे नऊ लिहितात. शून्य घात म्हटलं की शून्य लिहितात. मी विचारते, काहून लिहिलं असं? पोर आधी भिते, मग सांगते. प्रत्येक चुकीच्या मागे काहीतरी असतं. कधी अर्धवट ऐकलेला नियम. कधी रिकामं पोट. कधी फळा दिसत नसतो.

मागच्या महिन्यात शाळा कमिटीचा एक माणूस वर्गात आला. गावातला मोठा शेतकरी. पोडावरची, म्हणजे आदिवासी पाड्यावरची, एक कोलामाची पोरगी फळ्यावर होती, चुकली होती. मी तिला विचारत होते. तो म्हणाला, बाई, यायले असं इचारून समजत नाई, आणि त्यानं तिच्या कानाखाली मारायला हात उचलला. मी त्याचं मनगट वरच्या वर धरलं.

तो म्हणाला, "बाई, हात सोडा. नोकरी करायची आहे ना?"

मी म्हणाले, "आधी वर्गाबाहेर व्हा. मग सोडीन."

तसंच धरून मी त्याला दारापर्यंत नेलं. पोरं पाहत होती. त्यानं माझ्याविरुद्ध अर्ज केला आहे. चौकशी लागली आहे. साहेब म्हणाले, माफीचं दोन ओळींचं लिहून द्या, मिटवून टाकू.

मी लिहून देणार नाही. नोकरी गेली तर कोळसा भरीन. मायनं भरला, मला जड नाही. पण माझ्यासमोर कोणी चुकलेल्या पोराला मारायला हात उचलला, मग तो साहेब असो, मालगुजार असो, त्या पोराचा बाप असो, तर तो हात मी धरणार. सोडवून घेतला तर परत धरणार. आणि तरीही थांबला नाही, तर मोडणार.